चौरंगीची बाग आणि आमच्या कुंड्या

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण आपल्यापैकी बहुतेकांनी आजीच्या नाहीतर आईच्या तोंडून ऐकली असेल. वरून गरीब दिसणाऱ्या, पण आतून पक्क्या असलेल्या माणसाला ती लावण्याची चाल आहे. या म्हणीकडे मी पुष्कळ वर्षे केवळ भाषेचा एक अलंकार म्हणून पाहत होतो. पुढे कळले की प्राणिशास्त्रज्ञ गोगलगायीला ज्या वर्गात बसवितात, त्या वर्गाच्या ग्रीक घडणीच्या नावाचा अर्थही ‘पोटाशी पाय असलेले’ असाच होतो. आपल्या शास्त्रीय परिभाषेत त्यांना ‘उदरपाद’ म्हणतात. युरोपातील पंडितांनी परिभाषा घडवून जे सांगितले, ते आमच्या आजीने तुळशीकट्ट्यापाशी उभे राहून पाहिले होते. मात्र आजीने पाहिलेली गोगलगाय आणि आज आपल्या कुंडीतले रोप एका रात्रीत फस्त करणारी मोठी शंखी गोगलगाय, या दोन एक नव्हेत. ही दुसरी मुळात आपल्या देशातली नाहीच. ती कोठून आली, कोणी आणली, याचा लेखी इतिहास आहे आणि तो एका सरकारी अधिकाऱ्यापासून सुरू होतो. माझाही जन्म सरकारी नोकरीतच गेला. शिवाय या प्रकरणात माझे स्वतःचे हात स्वच्छ नाहीत, हे पुढे येईलच. तेव्हा हा इतिहास सांगण्याचा मला थोडाफार अधिकार आहे, असे समजून लिहितो.

विल्यम हेन्री बेन्सन यांचा जन्म १८०३ चा आणि मृत्यू १८७० चा. ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधील मुलकी सेवेत ते होते. दिवसा कचेरीचे काम आणि उरलेल्या वेळात शंखशिंपल्यांचा अभ्यास, असा त्यांचा क्रम. भारतातील कितीतरी गोगलगायींची पहिली शास्त्रीय वर्णने त्यांनी लिहिली आणि त्यांना नावे दिली. या विषयाच्या अभ्यासकाला आजही बेन्सन हे नाव टाळून पुढे जाता येत नाही. कंपनीच्या चाकरीत अशी छंदिष्ट माणसे पुष्कळ होती. कोणी पाखरे टिपी, कोणी नाणी जमवी, कोणी शिलालेखांचे ठसे घेई. त्यांचे इतर हिशेब काहीही असोत, त्यांच्या छंदांमुळे आपल्याच देशाची बरीच माहिती आपल्याला मिळाली, हे मान्य केले पाहिजे.

१८४७ मध्ये या बेन्सनसाहेबांनी मॉरिशस बेटावरून काही मोठ्या गोगलगायी जिवंत आणल्या, आणि कलकत्त्यात चौरंगी भागातील एका बागेत त्या सोडल्या गेल्या. त्यामागे दुष्ट हेतू असण्याचे कारण नाही. एका अभ्यासकाचे कुतूहल, एवढेच. आपल्या आवडीचा प्राणी डोळ्यांसमोर असावा, तो इथे जगतो की नाही ते पाहावे, असे कोणाही छंदिष्टाला वाटेल. तो प्राणी जगला. अकरा वर्षांनी, १८५८ मध्ये, ही जात बंगालमध्ये कशी आली आणि कशी रुजली याची हकीकत बेन्सन यांनी स्वतःच एका फ्रेंच शंखशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. त्याच वर्षी कंपनीचे राज्य संपले. कंपनी गेली, गोगलगाय राहिली.

ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. तेथून मादागास्कर आणि मादागास्करवरून मॉरिशस, असा तिचा प्रवास एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत झालेला होता. मॉरिशसचे नाव निघाले की आपल्या वाचकांना दुसरीच आठवण होईल. १८३४ पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर नेले जाऊ लागले, आणि मुंबई बंदरातून जी माणसे गेली त्यांत कोकणातली आणि देशावरची मराठी माणसे होती. त्यांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणून राहतात. ज्या दशकांत आपली माणसे बोटीत बसून त्या बेटाकडे जात होती, त्याच दशकांत त्या बेटावरून हा प्राणी उलट दिशेने आपल्याकडे आला. माणसांचे करारनामे झाले, याद्या झाल्या, अंगठे घेतले गेले. गोगलगायीचा कागद कोठेच झाला नाही. तशी तपासणी करणारे खातेच त्या वेळी नव्हते.

या गोष्टीकडे तिच्या काळासह पाहिले पाहिजे. झाडे आणि प्राणी समुद्रापार नेणे हे तेव्हा प्रगतीचे काम समजले जाई. कलकत्त्याची कृषी व उद्यानविद्या संस्था १८२० मध्ये विल्यम कॅरी यांनी स्थापन केली. हे तेच कॅरी, ज्यांनी श्रीरामपूरहून १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये मराठीचा कोश छापला. ज्या गृहस्थाचे नाव आपण भाषेच्या इतिहासात वाचतो, त्यांनाच बागाईतीचाही तितकाच ध्यास होता. पुढे लंडनमधील नॅथॅनियल वॉर्ड या डॉक्टरांना १८२९ च्या सुमारास असे आढळले की बंद काचेच्या बाटलीतल्या ओल्या मातीत रोप पाणी न घालताही जगते. बाटलीत त्यांनी ठेवला होता पतंगाचा कोश. उगवून आले नेचे. त्यातून काचेच्या बंद पेट्या निघाल्या. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून रोपे इंग्लंडहून थेट सिडनीला सुखरूप पोहोचली. पूर्वी समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने वाटेत मरणारी रोपे आता जिवंत जाऊ लागली, आणि चीनमधील चहाची रोपे हिमालयाच्या उतारावर आली तीही याच पेट्यांतून. रोपाबरोबर माती जाते, हे तेव्हा सर्वांनाच ठाऊक होते. मातीबरोबर काय काय जाते, याचा विचार बराच उशिरा झाला. आपल्याकडे घातक कीटक व कीड यांच्या आयातीस आळा घालणारा कायदा झाला तो १९१४ मध्ये. चौरंगीच्या बागेतील घटनेला तेव्हा सदुसष्ट वर्षे होऊन गेली होती.

आता माझी गोष्ट सांगतो. मी २०१८ मध्ये राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालो आणि बेळगावातील शहापूर भागातल्या आमच्या जुन्या घरी कायमचा राहावयास आलो. शहापूर हा संस्थानी काळात सांगलीचा मुलूख. बोळ अरुंद, घरे खेटून, मागे परसू आणि परसवात विहीर. बदल्यांच्या नोकरीत बागेची हौस राहून गेली होती, ती पुरवावी असे ठरविले. धाकटा भाऊ बंगळूरला असतो. त्या दिवाळीत त्याच्या घरून मी अनंताची एक आणि कागड्याची एक अशा दोन कुंड्या गाडीच्या मागच्या बाजूला ठेवून आणल्या. वहिनींनी कुंड्यांना ओले फडके गुंडाळून दिले होते, वाटेत माती सुकू नये म्हणून. बंगळूर परिसरात या आफ्रिकन गोगलगायीचा उपद्रव १९७० च्या दशकातच वाढला होता आणि कृषी शास्त्रज्ञांनी त्याची नोंदही केली होती. मला ते ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी कुंडीतली माती उकरून पाहण्याचे मला सुचले असते, असे वाटत नाही. तिची अंडी साबुदाण्याएवढी, पिवळसर पांढरी असतात; मातीत दोन बोटे खाली एका ठिकाणी शंभर-दोनशे मिळतात. ज्याला माहीत नाही त्याला ती खताचे दाणे वाटावीत.

२०१९ चा पाऊस बेळगावकर विसरणार नाहीत. ऑगस्टमध्ये जिल्ह्यात पूर आला, घरे पडली, रस्ते वाहून गेले. त्या पावसात आमच्या परसवात पाच-सहा मोठ्या गोगलगायी दिसल्या. तपकिरी, निमुळत्या शंखावर फिकट पट्टे. अशी गोगलगाय मी कधी पाहिली नव्हती. इथे कबुली द्यावयाची ती अशी की मी त्यांना मारले नाही. सुटीला आलेल्या नातवाला गंमत वाटली, त्याने त्यांना पपईची साल खाऊ घातली, आणि मी त्या उचलून विहिरीमागच्या पालापाचोळ्याच्या ढिगावर नीट ठेवल्या. ‘असू देत, कोणाचे काय खातात?’ हे माझेच शब्द. एका गोगलगायीत नर आणि मादी दोन्हींची इंद्रिये असतात, वर्षातून ती अनेकदा अंडी घालते, आणि पाऊस सरला की शंखाच्या तोंडावर पातळ पडदा ओढून महिनोन् महिने मातीत निपचित पडून राहू शकते, ही माहिती मी नंतर मिळविली.

२०२० च्या पावसाळ्यात टाळेबंदीमुळे सगळे घरातच होतो. त्या वर्षी त्या भिंतीवरून पलीकडे गेल्या.

पलीकडे काकूंचे घर. काकू आज शहाऐंशी वर्षांच्या आहेत. मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून त्या मला ओळखतात, त्यामुळे माझ्या हुद्द्याचा त्यांच्यावर कधीच परिणाम झाला नाही. त्यांच्या मागल्या दारी चाळीसेक कुंड्या होत्या: शेवंतीचे चार-पाच प्रकार, डेलिया, अबोली, झेंडू. गणपतीला आणि नवरात्रात बाजारातले फूल त्या घेत नसत. शेवंतीचे सासवे वर्षानुवर्षे राखून पुढच्या वर्षी लावण्याची त्यांची रीत. त्यातली एक बारीक पिवळी शेवंती त्यांच्या सासूबाईंच्या हातची. त्या भाद्रपदात एका आठवड्यात शेवंतीचे शेंडे, डेलियाची पाने, झेंडूची रोपे, सारे बुडापासून गेले. काकूंनी मला भिंतीपाशी बोलावले आणि म्हणाल्या, ‘अरे, तुझ्या पाहुण्यांनी माझी शेवंती ठेवली नाही बघ.’ त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते. सासूबाईंची ती पिवळी शेवंती त्या वर्षी संपली ती संपलीच.

त्यानंतर मी या विषयाचे वाचन सुरू केले, आणि माझ्यासारखे इतरही असल्याचे पाहून थोडे बरे वाटले, हे लपवीत नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९६६ मध्ये एक मुलगा हवाईहून येताना अशाच तीन गोगलगायी घेऊन आला. त्याच्या आजीने त्या बागेत सोडून दिल्या. सात वर्षांत त्यांच्या अठरा हजारांवर गोगलगायी झाल्या, आणि त्यांचा नायनाट करण्यास दहा लाख डॉलरहून अधिक खर्च आला. २०११ मध्ये त्याच राज्यात त्या पुन्हा निघाल्या. दहा वर्षांच्या मोहिमेनंतर २०२१ मध्ये त्या संपल्याचे जाहीर झाले, आणि २०२२ मध्ये दुसऱ्या एका भागात परत सापडल्या. आशियात तर तिला मुद्दामच नेले गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या चार दशकांत सिलोन, मलाया, चीनचा किनारा, तैवान असे टप्पे तिने घेतले. जपानी लोकांनी अन्न आणि औषध म्हणून ती पॅसिफिकमधील बेटांवर नेली. आपल्या अंदमानात ती आली ती दुसऱ्या महायुद्धातील जपानी ताब्याच्या काळात.

कुंडीतले झाड राखण्याचे उपाय मी एकेक करून पाहिले. प्रत्येकाला कोणता ना कोणता इतिहास चिकटलेला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिला उपाय मिठाचा. आपल्याकडे गोगलगायीवर मीठ टाकण्याची पद्धत जुनी आहे. मीठ अंगातले पाणी ओढून घेते आणि ती मरते, हे खरे. पण वाफ्यातली माती आणि कुंडीतली माती यांत फरक आहे. कुंडीत घातलेले मीठ बाहेर जाण्यास फारशी जागा नसते, आणि गोगलगायीबरोबर झाडही जाते. माझा अनंत असाच गेला. बंगळूरहून आणलेला, सगळ्याचे मूळ असलेला. पण फुलावर आलेला होता, वाईट वाटले.

दुसरा चुन्याचा. कुंड्यांभोवती कोरड्या चुन्याची रेघ ओढली तर ती ओलांडताना तिचे अंग भाजते. रेघ कोरडी आहे तोवरच हा गुण. बेळगावात आषाढ-श्रावणात चुना कोरडा कसा राहावा? आणि गंमत अशी की ओला होऊन बसलेला चुना तिला वर्ज्य नाही, उलट हवाच असतो. शंख वाढविण्यास तिला चुना लागतो, म्हणून ती सफेदी केलेली भिंत खरवडून खाते. आमच्याकडे कुंड्यांना आणि तुळशीकट्ट्याला गेरू लावून वर चुन्याच्या रेघा काढण्याची रीत आहे. एका रात्री विजेरी घेऊन गेलो तर काकूंच्या तुळशीकट्ट्यावर सात-आठ जणी चुन्याच्या स्वस्तिकावर बसून जेवत होत्या. काकूंना मी हे अजून सांगितलेले नाही.

दुधाच्या फडताळाला मुंग्या लागू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात, तसे कुंड्यांच्या तिवईखालीही करून पाहिले. माझ्याकडे उपयोग झाला नाही. अंड्यांची टरफले, तांब्याची पट्टी, लाकडाचा भुसा हेही झाले. तांब्याची पट्टी कुंडीच्या काठाला लावणे हा विलायतेतला लोकप्रिय उपाय. तेथील राजघराण्याचे नाव लावणाऱ्या उद्यानविद्या संस्थेने २०१८ मध्ये कुंड्यांत आणि वाफ्यांत सॅलडच्या पानांची शंभराहून अधिक रोपे लावून अशा घरगुती अडथळ्यांची परीक्षा घेतली. तांबे, टरफले, खडी, झाडाची साल, लोकरीच्या गोळ्या यांपैकी कशानेही फरक पडला नाही, असा निष्कर्ष निघाला. तांब्यावर मी साडेचारशे रुपये खर्च केल्यावर ही माहिती माझ्या हाती आली.

मग औषधाचे. बाजारात ज्या गोळ्या मिळतात त्यांत मुख्यतः मेटाल्डिहाइड असते. हा पदार्थ मुळात कीडनाशक म्हणून जन्मलाच नाही. युरोपात तो सहलीच्या छोट्या चुलींसाठी घन जळण म्हणून विकला जाई. १९३० च्या दशकात असे ध्यानात आले की या वड्यांनी गोगलगायी मरतात. कोंड्यात मिसळून तेच विष झाले. पुढची सुमारे ऐंशी वर्षे जगभर त्याचे राज्य होते. ते पाण्यात उतरते आणि पक्ष्यांना व इतर प्राण्यांना बाधते म्हणून ब्रिटनमध्ये त्याचा बागेतला आणि शेतातला वापर मार्च २०२२ अखेर बंद करण्यात आला. कोंड्याचा वास कुत्र्यांना आवडतो, हा त्याचा मोठा धोका. २०२१ च्या जुलैमध्ये मी या गोळ्या दोन वेळा टाकल्या. त्याच आठवड्यात आमच्या बोळातले एक काळे कुत्रे झटके येऊन मेले. दोन गोष्टींचा संबंध मी पुराव्यानिशी दाखवू शकत नाही; नोकरीत असतो तर ‘कारण अनिश्चित’ असा शेरा मारला असता. उरलेला पुडा मी बंद करून माळ्यावर ठेवला, तो तेथेच आहे. अलीकडे लोहाच्या फॉस्फेटच्या गोळ्या निघाल्या आहेत. अमेरिकेत त्यांना १९९७ मध्ये मान्यता मिळाली. त्या प्राण्यांना पुष्कळच कमी बाधतात. परिणामही सावकाश होतो. केरळात पीचीच्या वनसंशोधन संस्थेने तंबाखूचा काढा आणि मोरचुदाचे पाणी एकत्र करून फवारण्याचा उपाय सुचविला. सुपारीवाल्या गावांत मोरचूद आणि चुना पिढ्यान्पिढ्या फवारला जातो, त्यामुळे आपल्याकडे हे द्रव्य अनोळखी नाही. पण तो पाण्याचा अंश मुळांशी साठू नये याची कुंडीवाल्याने काळजी घेतली पाहिजे.

या सर्वांपेक्षा मोठी चूक सरकारी पातळीवर झालेली आहे, आणि ती सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होणार नाही. हवाई बेटांवर या आफ्रिकन गोगलगायीने थैमान घातले तेव्हा १९५५ मध्ये तेथील कृषी खात्याने अमेरिकेच्या दक्षिण भागातून एक मांसाहारी गोगलगाय आणून सोडली. ती इतर गोगलगायी खाते, तेव्हा ती हिलाही खाईल, असा हिशेब. कागदावर हा प्रस्ताव उत्तम दिसला असणार. अशा प्रस्तावांवर मीही सह्या केलेल्या आहेत. नव्या पाहुणीने मोठी आफ्रिकन गोगलगाय संपविली नाही. तिने डोंगरातल्या झाडांवर राहणाऱ्या, जगात दुसरीकडे कोठेही नसलेल्या छोट्या रंगीत गोगलगायी खाल्ल्या. हवाईतल्या कित्येक जाती नाहीशा झाल्या. मूरेआ बेटावर १९७७ मध्ये हाच प्रयोग झाला. दहा वर्षांत तेथील स्थानिक झाडगोगलगायी रानातून पुसल्या गेल्या. काही जाती प्राणिसंग्रहालयांत थोड्या जगवून ठेवल्या होत्या, त्यांची पैदास करून त्या परत नेण्याचे काम नंतर हाती घेण्यात आले.

आपल्याकडे या प्राण्याचे गांभीर्य सर्वांना कळले ते २०२२ मध्ये. त्या वर्षी जुलैत लातूर, बीड आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यांत सोयाबीनचे कोंब जमिनीतून वर येताच शंखी गोगलगायींनी खाल्ले. शेतकऱ्यांनी दुसऱ्यांदा पेरले, काहींनी तिसऱ्यांदा. महाराष्ट्र शासनाला त्या नुकसानीसाठी मदत द्यावी लागली. आपल्या हैदराबादच्या वाचकांपैकी अनेकांची मूळ गावे याच जिल्ह्यांतली. निजामाच्या राज्यात हे तिन्ही जिल्हे होते. त्या भागातले माझे एक जुने सहाध्यायी सांगत होते की सकाळी बांधावर गेले की पायाखाली शंख फुटल्याचा आवाज येई. त्या वेळी शेतकऱ्यांना सांगितलेला एक उपाय मात्र कुंड्यांनाही तंतोतंत लागू पडतो. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी कुंड्यांमध्ये पसरावे. रात्री त्या गोडाला आणि ओलाव्याला येतात, आणि उजाडल्यावर गोणपाट उलटले की खाली सापडतात.

वेचणे हाच अखेर सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा उपाय ठरला. २०२१ च्या पावसाळ्यापासून मी रोज रात्री नऊनंतर विजेरी, बादली आणि चिमटा घेऊन आमचे परसू आणि मग काकूंचे मागील दार, असे दोन्ही करतो. बादलीत साबण आणि मीठ घातलेले पाणी. दुसऱ्या दिवशी खड्डा करून चुना टाकून पुरतो. उघड्या हाताने कधी उचलू नये. उंदरांच्या फुप्फुसात राहणारा एक कृमी गोगलगायीमार्फत माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो, आणि केरळात असे रुग्ण आढळलेले आहेत. परसवातली पालेभाजीही म्हणूनच नीट धुवावी. कुंड्या विटांवर उंच ठेवल्या, कारण दिवसा त्यांचा मुक्काम कुंडीच्या बुडाखालच्या ओल्या गारव्यात असतो. पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घालू लागलो. विहिरीमागचा ढीग हलविला, तेव्हा त्यात जे निघाले त्याचे वर्णन करीत नाही.

वेचताना एक पथ्य मी पाळतो. आपल्या सह्याद्रीत गोगलगायींच्या अडीचशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांतील बहुसंख्य जगात अन्यत्र नाहीत. बेन्सनसाहेबांनी नावे दिलेल्याही त्यांत आहेत. त्यांतल्या बहुतेक कुजलेला पाला, बुरशी आणि शेवाळ यांवर जगतात. कुंडीशी त्यांचे वैर नाही. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरले तर आफ्रिकन गोगलगायीचे तोंड उजव्या अंगाला दिसते. पश्चिम घाटातल्या एका गटातील काही गोगलगायींचे ते डाव्या अंगाला असते. पट्टेदार, निमुळता, बोटभर लांब शंख दिसला तर बादलीत; बाकीच्यांना मी वाटेला लावतो. बिनशंखाच्या काळ्या गोगलगायी कोवळी रोपे खातात, त्यांना मात्र गोणपाटाखालूनच उचलावे लागते.

पहिल्या पावसाळ्यात रोज बादली भरत असे. गेल्या वर्षी आठवड्यातून एखादे दिवशी चार-दोन मिळाल्या. संपल्या असे मी म्हणणार नाही. आमच्या दोन परसवांपुरत्या आवाक्यात आल्या आहेत. बोळाच्या टोकाला एका नव्या इमारतीच्या बागेत भरपूर आहेत, आणि तेथील मंडळींशी माझी बोलणी चालू आहेत.

काकूंची शेवंती आता पुन्हा बऱ्यापैकी उभी आहे. सासूबाईंच्या हातच्या पिवळ्या जातीसाठी मी निपाणी, खानापूर, चंदगड इकडे ओळखीपाळखीच्या घरी चौकशी केली. तशा दिसणाऱ्या दोन जाती मिळाल्या. ‘ही नव्हे’ असे म्हणून त्यांनी दोन्ही लावून घेतल्या. या ज्येष्ठात त्यांनी माझ्या कागड्याचे रोप मागितले. बंगळूरची ती दुसरी कुंडी. मी रोप मातीतून काढले, मुळे तीन पाण्यांनी धुतली, माती उकळत्या पाण्याने भिजवून पुरली आणि नुसते रोप ओल्या फडक्यात गुंडाळून नेऊन दिले. काकूंनी ते हातात घेतले, पोथी वाचायचे भिंग आणावयास सुनेला सांगितले, आणि ओसरीच्या उजेडात बसून एकेक मूळ पाहू लागल्या. मी उभाच होतो. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, ‘बस जरा, अजून निम्मे व्हायचे आहे.’